नळी मेली तर पाणी शुद्ध? विद्यार्थ्यांच्या आर्सेनिक सेन्सरचा जैवसुरक्षा प्रकरण अभ्यास

२००६ साली एडिंबरा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने आयजेम या सिंथेटिक बायॉलॉजीच्या स्पर्धेसाठी पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा जिवाणू तयार केला. मार्गदर्शक होते क्रिस्टोफर फ्रेंच. डोळ्यांसमोर होत्या बांगलादेश आणि पश्चिम बंगालमधल्या कूपनलिका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे १० पीपीबी. बांगलादेशाची स्वतःची मर्यादा ५० पीपीबी. इतकं कमी आर्सेनिक चवीला कळत नाही, वासाला कळत नाही. गावात वापरायचा रासायनिक किट जस्त आणि आम्ल घालून आर्सिन वायू तयार करतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावरचा डाग बघून अंदाज देतो. आर्सिन जहाल विषारी, कागदावर पारा. त्यापेक्षा निरुपद्रवी जिवाणू बरा, हा युक्तिवाद तेव्हाही बिनतोड वाटत होता आणि आजही बराचसा पटतो.

हा आराखडा गेली वीस वर्षं जगभरच्या विद्यार्थी गटांनी या ना त्या रूपात पुन्हा हाती घेतला आहे. आपल्याकडचा एखादा गटही उद्या घेईल. गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावाच्या आसपास, भूजलात आर्सेनिक आहे हे जुनं माहीत आहे, त्यामुळे विषय सुचायला लांब जावं लागत नाही. म्हणून हे प्रकरण इथे टप्प्याटप्प्याने उलगडलं आहे: बाकावर, विहिरीच्या पाण्याशी आणि मग लॅबच्या दाराबाहेर. जिवाणू तोच राहतो, पण धोका प्रत्येक टप्प्यावर जागा बदलतो. सुरक्षेचा फॉर्म मात्र एकदाच, सुरुवातीला, जिवाणूचं नाव बघून भरला जातो. बहुतेक चुका तिथून सुरू होतात.

यंत्र काय आहे

हा जिवाणू म्हणजे ई. कोलाय. त्याच्या गुणसूत्रावर आर्सेनिकशी लढणारी जनुकं असतात. त्यांच्यावर एआरएसआर नावाचं प्रथिन कुलपासारखं बसलेलं असतं. पेशीत आर्सेनाइट, म्हणजे आर्सेनिकचं एक रूप, शिरलं की ते या प्रथिनाला चिकटतं, कुलूप निघतं आणि पुढची जनुकं चालू होतात. आर्सेनेट हे दुसरं रूप आत आलं तर पेशी आधी त्याचं आर्सेनाइट करून घेते. एडिंबराच्या गटाने या कुलपाच्या पुढे लॅक्टोज मोडणाऱ्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराचा छोटा तुकडा, लॅकझेड-अल्फा, जोडला. उरलेला तुकडा यजमान जिवाणूकडे असतो. दोन्ही जुळले की पेशी लॅक्टोज पचवते, आम्लं सोडते आणि माध्यमाचा पीएच खाली येतो. पीएच पट्टीने, इलेक्ट्रोडने किंवा ब्रोमोथायमॉल ब्लूसारख्या रंगाने वाचता येतो. रंगमापक यंत्र लागत नाही, चमकणारं प्रथिन लागत नाही. ही साधी रचना १० पीपीबीला भरवशाचा प्रतिसाद देते.

मूळ आराखड्यात आणखी एक हात होता: युरिएज हे विकर. आर्सेनिक नसेल तेव्हा युरिएज चालू राहून युरियापासून अमोनिया बनवणार, म्हणजे पाणी स्वच्छ असेल तर माध्यम अल्कधर्मी, आर्सेनिक असेल तर आम्लधर्मी. प्रत्यक्षात जास्त वापरली गेली ती एकट्या लॅकझेडची सोपी आवृत्ती. या वगळलेल्या हाताकडे पुढे परत यावं लागणार आहे.

पहिला वर्ग, आणि तिथेच थांबलेलं लक्ष

यजमान ई. कोलाय के-१२ घराण्यातला, उदाहरणार्थ जेएम१०९. के-१२ हा वाण १९२२ साली स्टॅनफर्डमध्ये एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केला गेला आणि तेव्हापासून प्रयोगशाळेतच वाढतो आहे. बाहेरच्या आवरणातले ओ आणि के प्रतिजन त्याने गमावले आहेत, आतड्यात घर करण्याची ताकदही गमावली आहे. ब्रिटनमध्ये असं काम बंदिस्त वापराच्या नियमांत पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य वर्गात बसतं. भारतात १९८९ चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. काम बीएसएल-१, म्हणजे सर्वांत खालच्या जैवसुरक्षा पातळीच्या लॅबमध्ये चालतं, पण संस्थेची जैवसुरक्षा समिती असावी लागते आणि तिला कळवावं लागतं. ‘सौम्य वर्ग आहे, समितीला कशाला त्रास’ हा सूर कॉलेजात हमखास ऐकू येतो. कागद एक पानाचा असतो, तो द्यावा.

सेन्सरची जनुकं ज्या प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर, बसवतात त्यावर अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्रतिरोधाचं जनुकही असतं. पीयूसी घराण्यातल्या प्लास्मिडला आपणहून दुसऱ्या पेशीत जाण्याची सोय नसते, ही जमेची बाजू. जेएम१०९ मध्ये मात्र एफ प्लास्मिड असतं, आणि एफ म्हणजे डीएनए देण्याची यंत्रणा. त्यातलं ट्राडी जनुक मुद्दाम बिघडवलेलं असल्यामुळे हस्तांतर फार कमी होतं. फार कमी म्हणजे शून्य नव्हे, पण बीएसएल-१ साठी पुरेसं.

एवढं लिहून झालं की गटाला वाटतं जैवसुरक्षेचा भाग संपला. खरं तर लॅबमधली सर्वांत धोकादायक वस्तू अजून या फॉर्ममध्ये आलेलीच नाही.

शंभर मिलिलिटरची बाटली

सेन्सर तपासायला आर्सेनिकची ज्ञात द्रावणं लागतात. पुस्तकी पद्धत अशी: सोडियम आर्सेनेटचं सात पाणी-रेणूंचं क्षार ०.४१६५ ग्रॅम तोलून १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवलं की १००० पीपीएम (१ पीपीएम म्हणजे १००० पीपीबी) आर्सेनिकचं साठा-द्रावण मिळतं. त्यातलं १ मिलिलिटर १०० मिलिलिटरपर्यंत नेलं की १० पीपीएम. त्यातलं पुन्हा १ मिलिलिटर १०० पर्यंत नेलं की १०० पीपीबी. त्यातलं १ मिलिलिटर आणि ९ मिलिलिटर पाणी म्हणजे १० पीपीबी.

आता हिशेब बघा. चोवीस नळ्या, प्रत्येकी ५ मिलिलिटर, आणि सगळ्यात जास्त तीव्रतेच्या, म्हणजे १०० पीपीबी धरल्या तरी सर्व मिळून आर्सेनिक भरतं १२ मायक्रोग्रॅम. साठ्याच्या त्या एका बाटलीत आहे १०० मिलिग्रॅम. १०,००० लिटरच्या पाण्याच्या टँकरमध्ये ती बाटली ओतली तर आख्खा टँकर १० पीपीबीच्या रेघेवर येतो. उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा टँकर साधारण तेवढाच असतो. म्हणून नळ्यांवर धोक्याची पिवळी पट्टी आणि बाटली मात्र बाकीच्या क्षारांसोबत उघड्या रॅकवर, ही मांडणी उलटी आहे.

दोन गोष्टी कराव्यात. पहिली, कोरडी भुकटी तोलायचीच नाही. अणुशोषण वर्णपटमापनासाठी मिळणारं १००० पीपीएमचं तयार प्रमाण-द्रावण घ्यावं. ते नायट्रिक आम्लात असतं, पण १० पीपीबीपर्यंत जाताना लाखपट विरळ होतं, त्यामुळे जिवाणूला आम्लाचा फरक पडत नाही. तराजूभोवती उडणारी धूळ, चमच्यावर राहिलेला कण, कुणीतरी मागाहून त्याच तराजूवर तोललेला अगार, हे सगळं टळतं. दुसरी, बाटली दुहेरी डब्यात, कुलपात, आणि वहीत प्रत्येक काढलेल्या मिलिलिटरची नोंद.

तोंडाने पिपेट ओढणं बंद झालं असं आपण समजतो. पण मायक्रोपिपेट बिघडला की काचेचा पिपेट हातात येतोच. रबरी बल्ब त्याच खणात ठेवलेला असावा.

मारायचं कसं, आणि कोणत्या क्रमाने

साध्या ई. कोलाय कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवलेल्या द्रवाला, मारायचे दोन मार्ग असतात, हायपो (ब्लीच) किंवा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेचं यंत्र). या प्रकल्पात दोन्ही डोळे मिटून वापरता येत नाहीत.

बाजारात मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट ४ ते ६ टक्के असतं आणि उन्हात, उघड्या झाकणाखाली आठवड्याभरात मऊ पडतं. कल्चरमध्ये मिसळल्यावर शेवटी ०.५ ते १ टक्का उरेल इतकं घालावं आणि अर्धा तास थांबावं. एलबीसारखं सकस माध्यम स्वतःच क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून बाक पुसायला पुरणारी तीव्रता कल्चरला पुरत नाही. हायपो घातलेली बाटली ऑटोक्लेव्हमध्ये घालणं ही सर्रास होणारी चूक: वाफेबरोबर क्लोरीन बाहेर येतं आणि ऑटोक्लेव्हच्या भांड्याला गंज चढतो.

आर्सेनिक असलेल्या नळ्यांना हायपो नकोच. जिवाणू मरतो, आर्सेनिक तसंच राहतं, आणि वर क्लोरीनयुक्त द्रव तयार होतो जो रासायनिक कचरा गोळा करणारा घ्यायला कुरकुरतो. इथे क्रम असा: आधी ऑटोक्लेव्ह, मग थंड झालेला द्रव ‘आर्सेनिकयुक्त, निर्जंतुक’ असं लिहिलेल्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये. बेसिनमध्ये नाही. तो कॅन घातक कचऱ्याच्या मार्गाने जातो. महाराष्ट्रात रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी इथे अशा कचऱ्याची सामाईक केंद्रं आहेत. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाची त्यातल्या कुणाशी व्यवस्था असते, जीवशास्त्रवाल्यांना ती ठाऊक नसते. प्रकल्प सुरू होण्याआधी एकदा त्या मजल्यावर जाऊन यावं.

साठ्याची बाटली कधीच ऑटोक्लेव्ह करायची नाही. आणि ती सांडली तर सवयीने हायपो ओतायचं नाही. तयार प्रमाण-द्रावण नायट्रिक आम्लात आहे, आम्ल आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. शोषक कागद टाकावा, हातमोज्यांनी उचलावा, दोन पिशव्यांत बांधावा, जागा ओल्या कागदाने दोन-तीनदा पुसून तेही त्याच पिशवीत. साधं कल्चर सांडलं तर मात्र उलट: कागद झाकून कडेकडून आत हायपो ओतायचं, अर्धा तास कुणी जवळ यायचं नाही, फुटलेली काच चिमट्याने. म्हणजे एकाच बाकावर दोन वेगळ्या सांडण्यांना दोन विरुद्ध उपाय. ते बाकासमोरच्या भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लावलेले असावेत. घाबरलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी इंग्रजी एसओपीची (कार्यपद्धतीची) अकरा पानं उलगडत बसणार नाही.

ऑटोक्लेव्हचंही थोडं. बहुतेक कॉलेजांत उभा, कुकरसारखा ऑटोक्लेव्ह असतो. १५ पौंड दाब, १२१ अंश. माध्यमासाठी १५ ते २० मिनिटं, कचऱ्यासाठी ३० ते ६०. झडप बंद करण्याआधी आतली हवा पूर्ण निघून वाफेचा सलग झोत यायला हवा. हवा अडकली तर काटा १५ पौंडांवर दिमाखात उभा राहतो आणि आतलं तापमान १२१ च्या खाली असतं. पिशवीला गच्च गाठ मारली तर वाफ आत जात नाही. तोंड सैल ठेवावं, आत अर्धा कप पाणी टाकावं. काळ्या रेघा उमटणारी टेप एवढंच सांगते की टेप तापली. पिशवीच्या पोटात काय झालं ते कळायला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची (टणक, सुप्त पेशींची) पट्टी मध्यभागी ठेवून नंतर ५५ ते ६० अंशांवर उबवावी लागते. महिन्यातून एकदा केलं तरी बऱ्याच ऑटोक्लेव्हचं बिंग फुटतं.

बाकावरचे शिंतोडे ही दुसरी ओळखीची गोष्ट. पिपेटचा दांडा शेवटपर्यंत दाबल्यावर टिपच्या टोकाशी जो बुडबुडा फुटतो तो बारीक फवारा असतो. ओला लूप, म्हणजे जिवाणू उचलायची तारेची कडी, थेट ज्योतीत धरला की ‘चर्र’ आवाज येतो, तोही फवाराच. लूप आधी ज्योतीच्या बुंध्याशी सुकवून मग लाल करावा. आणि आडव्या झोताचं ‘लॅमिनार’ म्हणजे सुरक्षा-कपाट नव्हे. त्याची हवा नमुन्यावरून काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. के-१२ साठी ते चालून जातं. पुढच्या टप्प्यावर चालत नाही.

विहिरीचं पाणी आत येतं

आतापर्यंत शुद्ध पाण्यात आर्सेनिक मिसळून काम चाललं. मग कुणीतरी उत्साहाने कूपनलिकेच्या पाण्याच्या सहा बाटल्या आणतं. या क्षणी प्रकल्पाचा जोखीम-वर्ग बदलतो, आणि सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

बाटलीत काय आहे ते माहीत नाही. शौचखड्ड्याजवळची कूपनलिका असेल तर कोलिफॉर्म (आतड्यातले जिवाणू) आहेत, शिगेला किंवा साल्मोनेलासारखे रोगजंतू असू शकतात. ते पाणी आपण घेतो, त्यात पोषक माध्यम आणि लॅक्टोज घालतो, ३७ अंशांवर रात्रभर ठेवतो. म्हणजे जनुक बदललेल्या आपल्या पाळीव जिवाणूसोबत अनोळखी पाहुण्यांनाही पंगत वाढतो. सकाळी त्या नळीत सर्वांत धोकादायक जीव आपण बनवलेला नसतो, आपण वाढवलेला असतो.

माध्यमात अँपिसिलिन आहे, ते थोपवेल, असं वाटतं. सुरुवातीचे काही तास थोपवतं. पण प्रतिरोधाचं जनुक बनवतं ते बीटा-लॅक्टामेज, आणि ते पेशींतून पाझरून माध्यमातलं अँपिसिलिन मोडून टाकतं. अँपिसिलिनच्या प्लेटवर मुख्य वसाहतीभोवती बारीक उपवसाहती उगवतात त्याचं कारण हेच. आपला सेन्सरच पहारेकऱ्याला झोपवतो आणि मग पाहुणे उठतात.

यात मोजमापही बुडतं. कोलिफॉर्मची ओळखच मुळी लॅक्टोज आंबवण्यावरून होते. पाण्यात आर्सेनिकचा कणही नसला तरी कोलिफॉर्म आम्ल सोडणार, रंग बदलणार आणि नळी ‘आर्सेनिक आहे’ म्हणणार. त्यामुळे पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घ्यावं. हे काम सुरक्षेचंही आहे आणि अचूकतेचंही. गाळणी सिरिंजवर लावताना जोर लावला की ती सुटून पाणी तोंडावर उडतं. चकती फिरवून घट्ट बसणारी सिरिंज आणि चष्मा, दोन्ही हवेत. वापरलेली गाळणी हा त्या बाकावरचा सर्वांत घाण तुकडा आहे, कारण पाण्यातले सगळे जिवाणू तिच्यावर गोळा झालेले असतात. ती सरळ ऑटोक्लेव्हच्या पिशवीत.

लोहयुक्त पाण्यात आणखी एक गोम. भूजल हवेत आलं की विरघळलेलं लोह तांबूस साका होऊन खाली बसतं आणि आर्सेनिकला सोबत घेऊन जातं. असं पाणी गाळलं तर आर्सेनिक गाळणीवरच राहतं. ते टाळायला रसायनवाले नमुना जागेवरच नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेतात, पण अशा पाण्यात सेन्सर मरतो. मग आधी गाळा, लगेच, विहिरीपाशी, साका धरण्याआधी. दोन बाटल्या घ्या: एक आम्ल घालून उपकरणावर तपासायला, एक बिनआम्लाची सेन्सरला, आणि दुसरी त्याच दिवशी वापरा.

घरापर्यंत काय जातं हाही प्रश्न याच टप्प्यावर खरा होतो. ऑगस्ट २०१० ते जून २०११ या काळात अमेरिकेत साल्मोनेला टायफिम्युरियमच्या एका व्यावसायिकरीत्या मिळणाऱ्या प्रयोगशाळा-वाणाने ३८ राज्यांत १०९ जण आजारी पडले, एक मृत्यू झाला. धागा वैद्यकीय आणि शिकवणीच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळांपर्यंत गेला. आजारी पडलेल्यांत विद्यार्थी होते, आणि लॅबमध्ये पाऊलही न टाकलेली घरातली लहान मुलंही. पेन, वही, मोबाइल यांतून जिवाणू बाहेर जातो. म्हणून लॅबची वही लॅबमध्येच. एप्रन कॉलेजच्या बॅगेत डब्याशेजारी घडी घालून नेणं ही आपल्याकडची जुनी सवय. तीही सुटायला हवी.

मेलेली नळी

आता त्या वगळलेल्या युरिएजकडे.

सोप्या आवृत्तीत पीएच घसरला म्हणजे आर्सेनिक, पीएच जागेवर राहिला म्हणजे पाणी शुद्ध. एक क्षण थांबून विचारा: जिवाणू मेला असेल तर पीएच काय करेल? जागेवर राहील. किट उन्हात तापला, जुना झाला, पाण्यात क्लोरीन होतं, आम्ल होतं, प्लास्मिड गळून पडलं, कोणतंही कारण असो, नळी एकच उत्तर देते: शुद्ध. पाण्यातले बायकार्बोनेटही हेच करतात. खडकाळ भागातलं जड पाणी आम्ल शोषून घेतं आणि रंग बदलूच देत नाही. चुकीचं उत्तर नेमकं त्या बाजूला पडतं जिथे माणूस पाणी पितो.

जैवसुरक्षेच्या फॉर्ममध्ये याला रकाना नसतो, कारण तिथे प्रश्न असतो जिवाणू बाहेर पडेल का. पण ज्या यंत्रावर भिस्त ठेवून एक कुटुंब पाणी पिणार आहे त्याचं गप्प मरणं हा जिवाणू सांडण्यापेक्षा मोठा अपघात आहे. युरिएजचा हात इथे शोभेचा राहत नाही. अल्कधर्मी म्हणजे ‘मी जिवंत आहे आणि आर्सेनिक नाही’, आम्लधर्मी म्हणजे ‘मी जिवंत आहे आणि आर्सेनिक आहे’, आणि जागेवर म्हणजे ‘मला विचारू नका’. तीन उत्तरं. दोन उत्तरांचा सेन्सर गावात नेऊच नये, हे आमचं स्पष्ट मत.

युरिएज बसवणं जमत नसेल तर प्रत्येक नमुन्याला तीन नळ्या लागतात. पहिलीत नुसतं पाणी. दुसरीत तेच पाणी आणि वरून ५० पीपीबी आर्सेनिक. तिसरीत आर्सेनिक नसलेलं ज्ञात पाणी. दुसरी आम्ल झाली नाही तर पहिलीचं उत्तर फेकून द्यायचं. फक्त लक्षात घ्या, दुसऱ्या नळीमुळे आपण गावात आर्सेनिक घेऊन चाललो आहोत. ५ मिलिलिटरमध्ये पाव मायक्रोग्रॅम, क्षुल्लक आहे, पण ती आधीच भरून, सीलबंद, वेगळ्या रंगाच्या झाकणाची असावी. साठ्याची बाटली लॅबच्या बाहेर कदापि नाही.

टिकणारा जिवाणू आणि सुटणारा जिवाणू

सुकवलेला ई. कोलाय फार दिवस टिकत नाही. पुढे एडिंबरा आणि केंब्रिजच्या संशोधकांनी आर्सेनिक सेन्सरचं काम बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूवर नेलं. त्यामागचं व्यावहारिक कारण उघड आहे: तो बीजाणू बनवतो, बीजाणू कोरडे, फ्रीजशिवाय वर्षानुवर्षं राहतात. बाहेरचा डीएनए गुणसूत्रात, बहुधा एएमवायई या जनुकाच्या जागी, बसवता येतो, म्हणजे प्लास्मिड गळण्याची आणि इकडेतिकडे जाण्याची भानगड कमी. सबटिलिस मातीतलाच, निरुपद्रवी गणला जाणारा. कागदावर सगळं सुधारलं.

पण आधीचा सुरक्षा-आराखडा यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीत मोडतो. ७० टक्के स्पिरिटने बीजाणू मरत नाही. ई. कोलायला पुरणारं हायपो त्याला अर्ध्या तासात पुरेल याची खात्री नाही. उकळतं पाणी तो पचवतो. ऑटोक्लेव्हच लागतो, तोही नीट चाललेला. ई. कोलाय कोरड्या बाकावर आपोआप कमी होत जायचा, बीजाणू फटीत बसून राहतो आणि दुसऱ्या गटाच्या माध्यमात उगवतो. शिवाय सबटिलिस नैसर्गिकरीत्या बाहेरचा डीएनए ओढून घेतो, आणि तो मातीत आपल्या घरीच असतो. ई. कोलाय के-१२ बाहेर पडला तर परदेशात हरवलेल्या माणसासारखा, सबटिलिस बाहेर पडला तर माहेरी आलेला.

जो गुण किट कपाटात टिकवतो तोच त्याला मातीतही टिकवतो. दोन्ही हवं असेल तर तिसऱ्या कशाने तरी बांधावं लागतं, आणि इथे गट ‘किल स्विच’, म्हणजे बाहेर पडला तर जिवाणू मरेल अशी सोय, असं लिहून मोकळे होतात. थायमिडिनसारखं काहीतरी बाहेरून दिल्याशिवाय न जगणारा जिवाणू, हा त्याचा साधा प्रकार. त्यावर एक गणित करावं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत विशेष सुरक्षित यजमानासाठी निसटण्याचं प्रमाण दहा कोटींत एकापेक्षा कमी असावं असं मोजमाप आहे. रात्रभर वाढलेल्या ५ मिलिलिटर नळीत साधारण एक हजार कोटी पेशी असतात. म्हणजे कसोटीच्या सीमेवरचा किल स्विच असतानाही एका नळीत शंभरेक पेशी निसटतात. हजार नळ्या वाटल्या तर एक लाख. उपाय निरुपयोगी आहे असं नाही, पण त्याच्या जोरावर झाकण सैल ठेवता येत नाही. शिवाय विद्यार्थी प्रकल्पात हा आकडा क्वचितच मोजलेला असतो. मोजायला फार लागत नाही: एक हजार कोटी पेशी थायमिडिन नसलेल्या दहा प्लेटांवर पसरा, दोन दिवस थांबा, उगवलेल्या वसाहती मोजा.

दाराबाहेर

आयजेमचा नियम सरळ आहे: जनुक बदललेला जीव स्पर्धेच्या काळात प्रयोगशाळेबाहेर न्यायचा नाही. सीलबंद किटमध्येही नाही, ‘फक्त दाखवायला’ही नाही. युरोपात प्रश्न कायद्याचा होतो: सीलबंद नळी गावातल्या ओट्यावर असेल तर तो बंदिस्त वापर की पर्यावरणात सोडणं? दोहोंचे नियम वेगळे, कागदपत्रं वेगळी, आणि ही नळी बरोबर मधल्या फटीत पडते. भारतात लॅबबाहेर पाऊल टाकायचं तर संस्थेची समिती पुरत नाही, आरसीजीएम आणि जीईएसी या जनुकीय बदलांवरच्या केंद्रीय समित्यांकडे जावं लागतं. अशक्य मुळीच नाही. लाइपझिग आणि लोझानच्या संशोधकांचा सुकवलेल्या, प्रकाश देणाऱ्या जिवाणूंचा किट बांगलादेशात प्रत्यक्ष भूजलावर तपासला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पण ते प्रशिक्षित माणसांच्या हातातलं काम होतं.

विद्यार्थी गटाला गावात जायचंच असेल तर उलटा रस्ता घ्यावा: जिवाणू लॅबमध्ये, पाणी लॅबकडे. गावात न्यायची ती रिकामी, रंगीत पाण्याची नमुना-नळी. लोक तिचं काय करतात ते बघायचं. झाकण उघडतात का, वास घेतात का, मूल तोंडात घालतं का, वापरून झाल्यावर कुठे टाकतात. एवढ्यानेच आराखडा दोनदा बदलतो.

वापरलेल्या नळीचं काय, हा प्रश्न बहुतेक गट ‘आत हायपोची कुपी ठेवू, वापरून झाल्यावर फोडायची’ या ओळीवर सोडवतात. या आराखड्यात ती ओळ चालत नाही. युरिएजच्या नळीत स्वच्छ पाण्याचं उत्तर म्हणजे अमोनिया, आणि अमोनियात हायपो पडलं की क्लोरामिन तयार होतात: डोळ्यांना झोंबणारे, आणि जंतू मारायला हायपोपेक्षा मंद. आर्सेनिकवाल्या नळीत आम्ल आहे, तिथे क्लोरीन सुटायची भीती. म्हणजे दोन्ही खऱ्या उत्तरांना ही कुपी नडते. नळी न उघडता मारायची तर उष्णता हवी. घरगुती प्रेशर कुकर शिट्टीच्या दाबाला १२० अंशांच्या आसपास जातो. आरोग्य उपकेंद्रात एक वेगळा कुकर, त्यावर लाल रंगाने ‘स्वयंपाकाला नाही’, उष्णता सोसणारी पॉलिप्रॉपिलिनची नळी आणि पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पाऊण तास. कुकर खरंच पुरतो का ते बीजाणूंची तीच पट्टी आत ठेवून आधी लॅबमध्ये पाहून घ्यायचं.

प्रत्येक नळीला क्रमांक, वाटपाच्या वहीत दोन रकाने: गेली, आली. शंभर गेल्या आणि सत्त्याण्णव आल्या तर उरलेल्या तीन क्रमांकांपुढे घर, तारीख आणि ‘काय झालं’ हे लिहिल्याशिवाय पुढची पेटी उघडायची नाही.